परत आलेला कोट

मी एक जुना लोकरी कोट आहे, आणि माझ्या डाव्या खिशात हात घालायची या कॉलेजात कुणाची टाप नाही. खरं तर आता तिथे अस्तराशिवाय काहीच नाही. पण मित्रांनो, एकदा नाव खराब झालं की ते धुऊन निघत नाही, आणि मी तर पाण्यात घालायचा कपडाच नाही.

आमचं कॉलेज छोटं. दूरच्या एका बर्फाळ देशातल्या कॉलेजशी त्याचा करार झाला. दर वर्षी आपलं एक मूल तिकडे शिकायला जाणार, त्यांचं एक इकडे येणार. आमच्या हवेत गरम कपडे कुणाकडे असणार? म्हणून प्राचार्यांनी मला शिवून घेतलं. जाड राखाडी लोकर, सहा बटणं, आतल्या बाजूला कॉलेजच्या पत्त्याची कापडी पट्टी. जाणाऱ्याने मला घालून जायचं, आल्यावर कार्यालयातल्या खुंटीवर टांगायचं, आणि कारकूनकाकांनी वहीत त्याच्या नावापुढे मोत्यासारख्या अक्षरात ‘परत’ असं लिहायचं. कोट आला म्हणजे माणूस आलं, अशी त्यांची सरळ समजूत होती.

निरोपाच्या प्रत्येक फोटोत मधोमध मी. चेहरे बदलायचे, मी तोच. हा करार आपल्यामुळेच चाललाय, असं मला वाटायचं. फार भाव खायचो मी तेव्हा.

आठव्या वर्षी बुटकीची निवड झाली. हे नाव तिच्या मैत्रिणींनी ठेवलेलं. मी तिच्या घोट्यापर्यंत पोचायचो आणि बाह्या दोनदा दुमडाव्या लागायच्या. निघताना तिची आई माझी बटणं लावत म्हणाली, “अगं, कोटात तू आहेस, की नुसता कोटच चाललाय?” सगळे हसले. मीही हसलो. आता ते आठवलं की अंगावर काटा येतो.

तिकडच्या कॉलेजमागे एक तळं होतं. हिवाळाभर ते गोठलेलं असायचं आणि बुटकी रोज त्यावर फेऱ्या मारायची, डावा हात माझ्या खिशात घालून. दुसऱ्या दिवशी पहाटे ती घरी यायला निघणार होती. निरोपसमारंभ उरकला होता, भर दुपार होती, छान ऊन पडलं होतं. “उकडतंय रे बाबा तुझ्यात,” असं म्हणून तिने मला काठावरच्या बाकावर ठेवलं आणि शेवटची फेरी मारायला गेली. ऊन बर्फालाही लागलं होतं. जाड कापड फाटावं तसा एक आवाज झाला. मग तळं गप्प झालं. मी बाकावर बसून राहिलो. मला हाक मारता येत नाही, मित्रांनो.

तिकडच्या लोकांना वाटलं, पोरगी पहाटेच्या गडबडीत सामान विसरून गेली. त्यांनी मला आणि तिच्या बॅगेला एकत्र बांधून पाठवलं. सोबत गोड चिठ्ठी, की तुमच्या विसरभोळ्या मुलीचं सामान मिळालं. काकांनी मला खुंटीवर टांगलं, बॅग खाली ठेवली आणि वहीत लिहिलं, ‘परत’.

“बॅग न्यायला येईलच की,” ते म्हणाले.

घरी आई निर्धास्त होती. परीक्षेनंतर दोन महिने मैत्रिणींबरोबर हिंडून येते, असं बुटकीने कळवलं होतं. हिंडायचं मागाहून रद्द झालं, पण तसं कळवणारं तिचं पत्र वाटेतच कुठेतरी गहाळ झालं. त्या काळी पत्र यायला महिना लागायचा. तळ्यावर पुन्हा बर्फ धरला होता, आणि इकडे आई तिची जुनी पत्रं ताजी म्हणून वाचत होती.

माझी खालची कड मात्र ओली राहू लागली. खुंटीखाली रोज पाणी साचायचं. काकांनी छपराला दोष दिला, गवंडी बोलावला. छप्पर ठणठणीत कोरडं होतं. मग एका सकाळी त्यांनी माझे खिसे तपासायला घेतले. डाव्या खिशात हात घातला, आणि आत कुणीतरी तो धरला. लहान, गार बोटं होती. काका पांढरेफटक पडले. त्यांनी हात सोडवून घेतला आणि कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सुई-दोरा आणून त्यांनी तो खिसा शिवून टाकला. मला जन्म देणाऱ्या शिंप्याच्या हजार टाक्यांपेक्षा ते दहा टाके जास्त टोचले.

दोन महिने उलटल्यावर आई कार्यालयात आली.

“भाऊ, पोरीचं पत्र नाही हो. कधी येणार, काही कळलं का?”

“येणार म्हणजे? आलीये की, ताई.” काकांनी वही पुढे केली. “हे बघा ना, परत.”

“घरी नाही आली.”

“पण इथे लिहिलंय...”

आईची नजर बॅगेवर गेली, मग माझ्यावर. तिने मला खाली उतरवलं, शिवलेला खिसा चाचपला आणि दातांनी टाके तोडले. हात आत घातला. काकांसारखा तो तिने सोडवून घेतला नाही. माझ्या आत बोटांत बोटं गुंतली होती.

“किती गार पडलीये ही,” आई हळूच म्हणाली. “भाऊ, कुठे ठेवलंत माझ्या पोरीला?”

काकांनी वही मिटली. “मला कळलं होतं, ताई. काहीतरी आहे, हे कळलं होतं. भ्यालो मी.”

आईने माझी कड मुठीत पिळली. पाणी टपकलं. “सगळ्या पत्रांत त्या तळ्याचंच लिहायची ती,” ती म्हणाली. त्याच दुपारी तिकडे तार गेली, आणि काकांनी वहीतला तो शब्द खोडला.

बर्फ वितळल्यावर बुटकी सापडली. बंद पेटी घेऊन आलेली गाडी फाटकापाशी उभी राहिली आणि आई एकटी आत आली. तिने वही उघडायला लावली. काकांच्या हातात पेन होतं, पण ते कागदाला टेकेना.

“आता लिहा,” आई म्हणाली.

त्यांनी लिहिलं. ते मोत्यासारखं अक्षर मला ओळखू आलं नाही.

तेव्हापासून मी कोरडा आहे. खरं सांगू? त्या हाताची मला फार आठवण येते. करार अजून चालू आहे. मुलं स्वतःचे कोट घेऊन जातात, आणि परतल्यावर कारकूनबाई त्यांना समोर बसवून, तोंडाकडे नीट बघून, मगच लिहितात. मला खुशाल कसर लागू द्या, मित्रांनो, त्याचं काही नाही. पण तुमचं कुणी लांब गेलं असेल आणि नुसतं त्याचं सामान दारात आलं, तर ते आत घेऊन दार लावू नका. माणूस अजून यायचं असतं.