उभ्या उभ्या पळणारं इंजिन

सेवेरोची मिनिबस गॅरेजच्या दारातून बाहेर पडली आणि दियोनिसियाच्या जिवाला घोर लागला. कशाचा, ते तिचं तिलाच कळेना.

ला पाझच्या व्हिया फातिमा वस्तीत वीस वर्षं ती गॅरेज चालवत होती. सेवेरो लारुता तर घरचाच; त्याच्या थोरलीची ती धर्ममाता, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणायचा. सकाळी आला तो घाईतच. गाडी जागेवर उभी, पायडलला पायही लावलेला नाही, आणि इंजिन नुसतं घोंघावतंय.

"कोमाद्रे, हिला शांत कर गं. सिग्नलला उभा राहिलो की लोक विचारतात, कुठं आग लागलीय का!"

"कधीपासून?"

"चार दिवस झाले. ब्रेकपण दगडासारखा लागतोय, पण ते नवीन लायनरमुळं, बसेल हळूहळू. तू फक्त हवेचा स्क्रू पिळ. खाली कोरोइको गावाला जाणारे चौदा उतारू खोळंबलेत."

तिनं स्क्रू पिळला, हवा कमी झाली, आवाज खाली आला. सेवेरो हसत गेला.

ती प्लग घासायला बसली, उठली. कोकाच्या पानांचा चहा ओतला, तो तसाच निवला. इंजिन पळतं म्हणजे त्याला कुठून तरी जादा हवा मिळते. स्क्रूनं तिनं एक वाट बंद केली. पण जादा हवा येत होती ती कुठल्या वाटेनं? आणि मग 'दगडासारखा' हा शब्द तिला आठवला. ब्रेकला जोर देणारी नळी इंजिनातूनच निघते. ती चिरली की इंजिन हवा ओढतं आणि ब्रेकचा जोर जातो. दुखणं एकच होतं, अन् तिनं नुसती त्याची ओरड बंद केली होती.

खिंडीपलीकडं कोरोइकोपर्यंत तीन हजार मीटरचा उतार होता.

सेवेरोचा फोन बंद. थांब्यावर धावली, तर गाडी नुकतीच सुटलेली. समोर दिसली ती टॅक्सी तिनं पकडली. खिंडीपर्यंत चढच होता, एवढाच काय तो दिलासा. खिंडीत प्रत्येक चालक थांबतो, धरणीमायेला दारूचे चार थेंब वाहतो. सेवेरो थांबेल ना? टॅक्सीवाला म्हणाला, "बाई, दार सोडा, तुटेल हँडल!"

ती खिंडीत पोचली तेव्हा सेवेरो बाटलीचं बूच लावत होता.

"कोमाद्रे? तू इथं?"

"पुढची सीट उचल. इंजिन चालू ठेव."

सीटवरची बाई कुरकुरत उतरली. दियोनिसियानं सीटखालच्या इंजिनातून निघणारी ब्रेकची नळी पकडीत दाबून धरली, तसं इंजिन गचके खात बंदच पडलं. सेवेरोचा चेहरा उतरला.

"या नळीतून हवा घेत होतं ते. खालून चिरलीय बघ."

"अहो, आम्हाला लग्न गाठायचंय!" आतून कुणीतरी ओरडलं.

"गाठाल. चूक माझी आहे. सकाळी मी ही गाडी न तपासता सोडली," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

सेवेरो दातओठ खात पुटपुटला, "लोकांसमोर कशाला बोललीस? आता माझ्या गाडीत कोण बसणार?"

"मी बसते."

चिरलेलं टोक दोन बोटं कापून तिनं नळी पुन्हा चढवली, क्लिप आवळली, स्क्रू होता तसा सैल केला. इंजिन संथ फिरू लागलं. मग ते बंद करायला लावून, ब्रेकवर पाय दाबून ठेवायला सांगून तिनं पुन्हा किल्ली फिरवायला लावली. "ब्रेक खाली गेला," सेवेरो म्हणाला. "लोण्यासारखा गेला."

तरी ती त्याच्या शेजारी बसलीच. वळण आलं की तिचा उजवा पाय आपसूक फळीवर दाबला जायचा. डाव्या हाताला दरी, खाली ढग. मागं एक म्हातारा जपमाळ ओढत होता.

ब्रेक नीट लागतोय हे पाहून वाटेतल्या उंदुआवीच्या नाक्यावर ती उतरली. त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली.

"थोरलीला यातलं काही सांगू नकोस."

"नाही सांगत. कोरोइकोला पोचलास की फोन कर. आणि फोन चालू ठेव, गाढवा!"

तो गेला. टपरीवालीनं बाक पुढं सरकवलं, पण दियोनिसियाला बसवेना. तेलकट हातात कॉफीचा पेला धरून ती उभीच राहिली, आणि खाली उतरणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज कान देऊन ऐकत राहिली.