जावयाच्या पसंतीचे टायर

जावयाला 'नाही' म्हणायची टायरवाल्याची छाती झाली नव्हती. आता तोच आपल्या दुकानाच्या दारात उतारावर डोळे लावून उभा होता. लेक नातवाला घेऊन यायला निघाली होती आणि पाऊस लागला होता.

पाऊस इथे नवलाचा नव्हता. ना कडाक्याची थंडी, ना बर्फ. वर्षभर आपली रिपरिप. अशा रस्त्यांवर एसयूव्हीला काय हवं, हे तो गिऱ्हाइकांना तोंडाला फेस येईपर्यंत सांगायचा: मऊ रबर, पाणी बाजूला सारणाऱ्या खोल खाचा, बारीक चिरा. पण जावईबापूंना हवे होते चिखलात चालणारे, विटेएवढ्या ठोकळ्यांचे टायर. चिखल त्यांनी जन्मात तुडवला नव्हता. "रुबाब दिसतो, बाबा," एवढंच म्हणाले. लेक दिलेल्या घराशी वाद नको म्हणून सासरा मूग गिळून गप्प बसला आणि स्वतःच्या हातांनी चारही चाकं कसून दिली. त्याला चारच दिवस झाले होते, आणि ते नेमके उघडिपीचे गेले. ओल्या रस्त्यावर ते टायर आज पहिल्यांदाच उतरत होते.

त्याने पुन्हा फोन लावला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे त्यानेच लेकीला शिकवलेलं. तिने ते तंतोतंत पाळलं.

वळणावर उंच पांढरी गाडी दिसली. खाली सिग्नल लाल झाला. गाडीचं नाक झुकलं, म्हणजे ब्रेक लागला होता. तरी गाडी आपली सरकतच होती. बाजूच्या रस्त्याने दुधाचा टँकर चौकात शिरला. टँकरचा भोंगा नुसता कोकलत राहिला. गाडी थांबायचा पट्टा ओलांडून चौकात घुसली आणि थांबली. टँकरवाला तिच्या नाकासमोरून गाडी काढत, शिव्या हासडत निघून गेला.

टायरवाला धावत सुटला. मागच्या सीटवर नातू भोकाड पसरून रडत होता. रडतोय म्हणजे धड आहे, असं म्हणत त्याने दार उघडलं. लेकीचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते.

"बाबा, पाय पार तळाला टेकवला होता मी. थांबेचना हो!"

"बघितलं मी."

"वळणावरही मागून घसरली. एकदा वाटलं, टायरच वाईट आहेत. पण म्हटलं, बाबांनी बसवलेत, म्हणजे चांगलेच असणार."

त्यापेक्षा तिने कानाखाली दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

कुणालाही न विचारता त्याने गाडी दुकानात घेतली, जॅकवर चढवली आणि पावसाचे टायर बसवले. शेवटचा नट आवळताना जावयाचा फोन आला.

"कळलं मला, बाबा. पण दोष टायरचा नाही हं, हिला जोरात चालवायची सवयच आहे. ते काढू नका."

"काढले."

"मग जपून ठेवा. रविवारी येऊन परत बसवून घेतो."

टायरवाल्याने भिंतीला टेकवलेल्या त्या चार टायरांकडे पाहिलं. अजून कोरे करकरीत दिसत होते.

"ते मी कापून टाकले, जावईबापू," असं म्हणून त्याने फोन ठेवला आणि तो कटर शोधायला आत गेला.