मेंग गुरुजींच्या शिव्या

कोरियातल्या जोंजू शहराच्या सभागृहात मी फान्सोरीतली, म्हणजे ढोलाच्या साथीने गायच्या तिथल्या जुन्या कथाप्रकारातली, गोष्ट गाऊन सांगत होते. शेजारी माझी साथीदार दाउल कोमुन्गो या पारंपरिक वाद्याच्या तारांवर चक्क स्टीलचा चमचा घासत होती. मला पूर्वी शिकवणीतून हाकलून देणारे मेंग गुरुजी पहिल्याच रांगेत बसले होते.

"बंद करा हा धिंगाणा!" ते ओरडले, आणि तेही नेमकं समेवर! श्रोत्यांनी आरोळी देऊन दाद द्यायची, तीच ही जागा. ढोलवाल्याने थाप दिली, मी पुढची ओळ उचलली.

"लाज वाटते का?" पुन्हा समेवरच. लोक हसायला लागले. मी मुद्दाम थांबले, तर तेही थांबले. रागातसुद्धा त्यांचा ताल सुटेना.

"गुरुजी, खुशाल शिव्या द्या," मी स्टेजवरून म्हणाले, "पण उठून जाऊ नका. इतकी चोख दाद इथे दुसरं कोण देणार?"