ड्रेसिंगच्या आधी

सासूच्या टाचेची साखरेनं चिघळलेली जखम भरेना, तेव्हा घरात दुःख सगळ्यांना झालं आणि हॉस्पिटलात राहायला मोकळी मात्र एकटी सून निघाली. नवऱ्याला वास सोसत नव्हता, नणंदेला प्रवास सोसत नव्हता. सुनेला काय सोसतं हे विचारायची त्या घराला सवयच नव्हती. मोठ्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं, की सोमवारपर्यंत जखम भरायला लागली नाही तर पाय घोट्यापासून काढायचा. तेव्हापासून सुनेला उठता-बसता एकच दिसत होतं: खाटेवर एका पायाची सासू, आणि भांडं घेऊन जन्मभर त्या खाटेपाशी वाकलेली आपण.

मनाच्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. "मन खचलं की शरीरही साथ सोडतं. यांना आनंदात ठेवा," म्हणाल्या. मग सगळं घर गोड बोलायला लागलं. मुलगा दारातूनच, नाकाला रुमाल लावून, "आई, तुझ्याशिवाय घर खायला उठतं गं," म्हणायचा. नणंद फोनवर रडायची. टाच काळी पडत चालली.

एका सकाळी ड्रेसिंगची ट्रॉली यायच्या आधी सासूनं चहा कोमट आहे म्हणून कप ढकलला आणि तो सुनेच्या अंगावर सांडला. सुनेचं डोकं फिरलं.

"तुमचा मुलगा दारातच का उभा राहतो ठाऊक आहे? किळस येते त्याला तुमची."

तेवढ्यात ट्रॉली आली. सिस्टरनी पट्टी सोडली, तर जखमेच्या कडेनं लालचुटुक नवं मांस धरलं होतं.

"अगंबाई! आजी, काल खाल्लंत तरी काय?"

"बोलणी," सासू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सुनेनं जरा अंदाज घेत नणंदेविषयी काहीबाही रचून सांगितलं. त्या दिवशी टाचेतून पू आला. म्हणजे जखमेला खरं तेवढंच लागू पडत होतं. मग ती दुपारभर स्टुलावर बसून, तांदळातले खडे वेचावेत तसं, एकेक खरं वेचायची. नणंदेनं आईपासून सुटायला मुद्दामच लांबचं सासर पत्करलं होतं, हे एकदा निघालं. मरताना सासऱ्यांनी 'तिला आत पाठवू नका' म्हणून विनवलं होतं, तेही निघालं. त्या दिवशी जखम निम्म्यावर आली. आता सासू सकाळी स्वतःच पांघरूण बाजूला करून पाय पुढे करायची. "हं, बोल." तिला भूक लागायला लागली, गालांवर तजेला आला, फक्त डोळे भाडेकरू सोडून गेलेल्या खोलीसारखे दिसायला लागले, आणि कुणाचीही चौकशी करणं तिनं बंद केलं.

सोमवारी डॉक्टर खूश झाले. "पाय वाचला! बघा, प्रसन्न मन म्हणजे अर्धं औषध." दारातल्या मुलानं डोळे पुसले आणि तो गाडी बघायला खाली गेला.

सून पिशवी भरत होती. शेजारच्या खाटेवर पोटाचं ऑपरेशन झालेली बाई होती, टाके पुन्हापुन्हा उसवत होते. तिनं वेणी घालून देणाऱ्या लेकीला पाणी आणायला धाडलं आणि हळूच हाक मारली.

"सूनबाई, मलाही सांग की गं."

"काय?"

"त्यांना सांगतेस तसं. माझी पोर फार गोड आहे, तिला नाही जमत."

बाईनं चादर खाली केली. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी आपली पट्टी सोडत होती. तिच्यापलीकडचीही.

सासू उठली, दोन्ही पायांवर भक्कम उभी राहिली आणि तिनं स्टूल त्या खाटेशी सरकवलं.

"बस. गाडी थांबेल."

सून बसली. त्या बाईचं नावसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. 'मला तुमच्याबद्दल काय माहीत असणार?' असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, तर जिभेवर वेगळंच वाक्य तयार होतं, आणि ते खरं होतं.