भाड्याच्या घराचा उंबरा

“उंबरा कुठाय रं?” हौसाबाईंनी बाहेर उभ्या राहूनच विचारलं.

एका हातात काठी, दुसऱ्या हातात गाठोडं. मागे तानाजी आईच्या दोन पिशव्या आणि घरच्या तांदळाचं पोतं सांभाळत उभा. आईला आधी पाणी हवं असेल, बसायला खुर्ची हवी असेल, एवढं त्याने गृहीत धरलं होतं. उंबरा हवा असेल हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

“आये, फ्लॅटला उंबरा नसतो. ही पट्टी असते बघ, ग्रॅनाइटची.”

“ही व्हय? ही तर फरशीच की. जिना कुठं सरला अन् घर कुठं लागलं, लक्ष्मीला कळायचं कसं?”

“आजी, लक्ष्मी बेल वाजवेल ना!” आतून ऐश्वर्या म्हणाली. बारावीतल्या नातीला आजीशी असं बोलता येतं, सुनेला येत नाही. रुचिताने हसू दाबलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि सासूच्या पायावर पाणी घातलं. मग हौसाबाई आत आल्या, पण चेहरा असा की जणू कुणाच्या तरी परसातून वाट काढत चालल्या आहेत.

टिटवाळ्याची ही वन-रूम-किचनची जागा तानाजीने भाड्याने घेतली त्याला वर्ष होत आलं होतं. त्याआधी डोंबिवली, त्याआधी कल्याण. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट करून राहणाऱ्या माणसाचा जीव घरात बेताबेतानेच गुंततो. तानाजी सुतार होता, हाताचा चांगला. घोडबंदर रोडवरच्या उंच उंच टॉवरांमध्ये लोकांची किचनं बसवायचा, हाताच्या हलक्या धक्क्याने बंद होणारे ड्रॉवर बनवायचा. स्वतःच्या घरात मात्र कपडे प्लास्टिकच्या खणांत आणि कॅलेंडर चिकटपट्टीच्या हुकाला. भिंतीला खिळा मारायचा नाही, ही मालकीणबाईंची पहिली अट. तानाजीने ती इतकी पाळली होती की देवाची तसबीरसुद्धा फ्रिजला टेकून उभी होती, आणि फ्रिज उघडला की देव थरथरायचे.

हौसाबाई आपणहून आलेल्या नव्हत्या. पाटण तालुक्यातल्या गावी, श्रावणात, अंगणातल्या शेवाळावरून घसरून पडल्या. नशीब, हाड मोडलं नाही. पण उठता येईना, आणि दुपारभर त्या तशाच पडून राहिल्या. संध्याकाळी दूध घालायला आलेल्या दौलतने पाहिलं तेव्हा कुठे कुणाला कळलं. तानाजीने तिसऱ्या दिवशी घराला कुलूप घातलं आणि आईला घेऊन आला. ती निघाली ती “चार दीस राहीन” एवढ्या बोलीवर.

आणि बोलीला पक्की राहिली. गाठोडं कॉटखाली तसंच बांधलेलं. लुगडं हवं असलं की तेवढंच ओढून काढायचं आणि पुन्हा गाठ मारायची. कॉटच्या कडेला अशी बसायची की कुणी हाक मारली तर लगेच उठता यावं. रोज सकाळी चहाबरोबर एकच प्रश्न, “कल्याणास्नं आपल्याकडं यष्टी किती वाजता हाय?”

“काय कमी आहे आये इथं?” एकदा तानाजीने चिडून विचारलं.

“कमी काय बी न्हाई बाबा. सून चांगली हाय, नात ग्वाड हाय. पर पाव्हन्याच्या घरी किती दीस ऱ्हायाचं?”

पोटच्या पोराच्या घरी पाहुणी! तानाजीला ते फार लागलं. म्हातारीला दोरीने बांधून तर ठेवता येत नाही. ती परत जाणार, आणि पुढच्या वेळी दौलत एखाद्या दिवशी दूध घालायला आलाच नाही तर? हा विचार त्याला कामावर, हातात ड्रिल असताना छळायचा.

शेवटी तो मुकादमाशी बोलला. एका बंगल्याच्या जुन्या दाराची सागवानी चौकट काढून टाकली होती, तिचा एक तुकडा मागून घेतला आणि रविवारी सकाळी घरी उंबरा बसवायला घेतला. रुचिता म्हणाली, “अहो, मॅडमना विचारलं का?”

“विचारलं तर नाही म्हणतील. मग ठोकता येणार नाही.”

हे तर्कशास्त्र बिनतोड होतं. त्याने लाकूड रंधून गुळगुळीत केलं, दोन बोटं उंचीचा उंबरा चौकटीत पाचर मारून घट्ट बसवला, हात झाडले आणि आईला हाक मारली. हौसाबाई आल्या, वाकल्या, लाकडावरून हात फिरवला. त्यांच्या तोंडून “बेस!” निघालं. मग तानाजीने दार लावायला घेतलं आणि दार उंबऱ्याला धडकून अडलं.

अर्धवट लागलेल्या त्या दाराकडे तिघीही पाहत राहिल्या. बाकी कुणाच्या हातून हे झालं असतं तर तानाजी पोट धरून हसला असता. पण त्याच्या डोळ्यांसमोर गावचं दार होतं. दोन फळ्यांचं, उंबऱ्याच्या आत उभं राहणारं. फ्लॅटचं दार चौकटीच्या पोटात बसतं, पार जमिनीपर्यंत, हे रोज चार दारं बसवणारा माणूस त्या सकाळी साफ विसरला होता.

“पप्पा, तुम्ही खरंच सुतार आहात ना?” ऐश्वर्याने विचारलं.

आता उंबरा काढायचा, नाहीतर दार कापायचं. तानाजीने आईकडे पाहिलं. ती उंबऱ्याशेजारी फतकल मारून बसली होती, लाकडावरचा भुसा पदराने पुसत. त्याने बिजागऱ्या सोडवल्या आणि दार खाली उतरवून जिन्यात आडवं टाकलं. कटर लावला, तेवढ्यात लाईट गेली. ती गेली ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही.

त्या दिवशी दुपारभर घर बिनदाराचं होतं, आणि तेच बरं झालं म्हणायचं. बंद दारामागे माणसं राहतात यावर शेजाऱ्यांचा फक्त विश्वास असतो. उघडं घर दिसलं आणि एकेकजण डोकावू लागला. समोरची देवयानी बँकेत कामाला. वर्षभरात रुचिताशी तिचं बोलणं “कचरेवाला आलेला का?” याच्यापुढे गेलं नव्हतं. ती बाहेरूनच म्हणाली, “अगं बाई, तुमचं दार कुठे गेलं?”

“जिन्यात निजलंय,” हौसाबाई म्हणाल्या. “अन् पोरी, अशी उंबऱ्यावर उभी ऱ्हाऊ नगं. आत तरी ये, न्हाईतर भाईर तरी थांब.”

देवयानी आत आली. मग तिची सासू आली. वरच्या मजल्यावरची दोघं लाईटची चौकशी करायला उतरली ती तिथेच टेकली. रुचिताने तीनदा चहा टाकला, तिसऱ्यांदा कप समोरून आले. अंधार पडता पडता लाईट आली, तानाजीने दाराची खालची दोन बोटं कापून काढली आणि दार उंबऱ्यावर अलगद टेकलं. दार लावून घेताना त्याला उगाच वाटून गेलं, आणखी थोडा वेळ उघडं राहिलं असतं तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी हौसाबाईंनी उंबरा धुतला, हळदकुंकू वाहिलं, दोन बाजूंना रांगोळीच्या दोन रेघा ओढल्या. मग कॉटखालून गाठोडं काढलं, लुगड्यांच्या घड्या केल्या आणि सुनेला म्हणाल्या, “मला एक खण मोकळा करून दे गं.” यष्टीची वेळ त्या दिवशी कुणी विचारली नाही. संध्याकाळी त्या समोर देवयानीच्या सासूकडे जाऊन बसू लागल्या. आठवडाभरात निम्म्या बिल्डिंगची दुखणी-खुपणी त्यांना पाठ झाली, जिथे ऐश्वर्याला वर्षभरात नावंसुद्धा पाठ झाली नव्हती.

दिवाळी झाली आणि एका सकाळी मालकीणबाईंचा फोन आला. बिल्डिंगमधल्या कुणीतरी कळवलंच असणार. “तानाजी, रविवारी येते. बोलायचंय.” एवढंच. तानाजीची पाचावर धारण बसली. चार रात्री तो मनात उत्तरं जुळवत राहिला, आणि एकही धड जुळलं नाही.

सुहासिनीबाई निवृत्त शिक्षिका, ठाण्याला मुलाकडे राहायच्या. त्या आल्या आणि दाराबाहेरच थबकल्या. उंबऱ्याकडे पाहिलं, मग दाराच्या खालच्या कडेकडे.

“हे मला न विचारता केलंत?”

“हो मॅडम.”

“आणि दार कापलंत?”

“कापायला लागलं. चुकलं माझं. आधी बसवलं आणि मग बघितलं.”

“कोण हाय तानाजी?” आतून हौसाबाई. “आत घे की त्यास्नी. दारात उभं करून बोलत्यात व्हय?”

शिक्षिकेलाही मुकाट ऐकायला लावणारा तो आवाज होता. सुहासिनीबाईंनी चप्पल काढली, साडी किंचित उचलली आणि उजवं पाऊल टाकून उंबरा ओलांडला. चहा झाला, चकली झाली. उंबऱ्याचं त्या पुढे काही बोलल्याच नाहीत. कप खाली ठेवून म्हणाल्या, “मी खरं तर दुसऱ्याच कामासाठी आले होते. ही जागा आम्ही विकतो आहोत. आमचा मुलगा शौनक ठाण्यात मोठी जागा घेतोय. घेणाऱ्यांना घर रिकामं हवंय. ॲग्रीमेंट तर मागेच संपलंय, ते आता पुन्हा नाही करता येणार. फोनवर सांगणं बरं वाटेना.”

रुचिता ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. तानाजी मालकीणबाईंकडे पाहत नव्हता, आईकडे पाहत होता. जेमतेम दोन महिने झाले होते तिला रमून.

“कवापातुर सोडायची?” हौसाबाईंनी विचारलं.

“पुढच्या महिन्याअखेर.”

“मंग हाय येळ.” त्यांनी जरा थांबून विचारलं, “बाई, तुमी कवा ऱ्हायला व्हतासा हितं?”

“नाही हो आजी. एक रात्रही नाही. घेऊन ठेवली होती, इतकंच.”

“आगं माझे बाई! म्हंजी पयल्यांदाच चा-पाण्याला आलासा की. रुचिता, नारळ घे, खण घे. बाईंची वटी भर. सवाष्ण घरातनं मोकळी जाऊ नये.”

रुचिताने नवऱ्याकडे पाहिलं. जागा सोडा म्हणून सांगायला आलेल्या बाईची ओटी? तानाजीने खांदे उडवले. सुहासिनीबाई खुर्चीतल्या खुर्चीत अवघडल्या. “अहो आजी, असं काय करता? मी तर...”

“तुमी बसा. घर आपलंच हाय.”

हे हौसाबाई अगदी सरळ मनाने म्हणाल्या. आल्यागेल्याला म्हणतात तसं. त्यात टोमणा औषधालाही नव्हता, आणि म्हणूनच सुहासिनीबाईंना खाली पाहावं लागलं. रुचिताने कुंकू लावलं. मालकीणबाईंनी पदर पसरला. नारळ, खण आणि गावाकडच्या तांदळाच्या ओंजळी पदरात पडल्या. सुहासिनीबाईंचे डोळे भरले होते, आणि ते लपवण्याची त्यांनी काही खटपट केली नाही. पदरातले चार दाणे चिमटीत घेऊन त्यांनी रुचिताच्या ताटात परत टाकले, माहेरून निघताना लेकी टाकतात तसे. “हे घर भरलेलं राहू दे,” असं पुटपुटल्या. कुठलं घर, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

“येत जावा,” हौसाबाई दारापर्यंत जाऊन म्हणाल्या.

“येते हं आजी.”

जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाली.  तानाजी उठला आणि त्याने पिशवीतून पटाशी काढली.

“त्ये कशाला?”

“उंबरा काढून ठेवतो. सागवान आहे, जिथं जाऊ तिथं बसवता येईल. दाराला खालून पट्टी मारून देतो त्यांना.”

“ठेव ती पटाशी. उंबरा उपटून नेत असत्यात व्हय? मागनं कुणीतरी बाईमाणूस येईल, तिला घर लागंल.” हौसाबाई कॉटवर बसल्या, मागे सरकून, भिंतीला पाठ टेकून.

आता पुढचं वाक्य काय येणार, ते तानाजीला ठाऊक होतं. मला गावाला सोड. त्याने मन घट्ट केलं, आणि या वेळी आपण नाही म्हणायचं नाही, असंही ठरवलं.

“नवी जागा बघाय जाशील तवा मला संगं ने,” हौसाबाई म्हणाल्या. “दार कसं लागतंय त्ये आधी बघू. तुझा काय भरवसा न्हाई.”

ऐश्वर्या खुसखुसली. तानाजीलाही हसू आलं, पण ते ओठांपर्यंत नीट पोचेना, म्हणून तो पटाशी ठेवायच्या निमित्ताने पिशवीत डोकं घालून बसला.

“अन् लांब नगं बघूस. ह्याच गल्लीत बघ,” हौसाबाई उठता उठता म्हणाल्या. सांज होत आली होती, समोरच्या दारात देवयानीची सासू वाट पाहत असणार. “माझी समदी मानसं हितंच हाईत.”