अंबूबाईंचा पेंढा

“आणा तो हात इकडे,” मी म्हणाले.

ह्यांनी उजवा हात मुकाट्याने पुढे केला आणि मी त्यावर हातमोजा चढवला. करंगळी आणि तिच्या शेजारची दोन बोटं आता सांगितलेलं ऐकत नव्हती. मानेतली शीर दबली होती. कल्याणच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ऑपरेशन करून घ्या आणि ते धडधडणारं यंत्र कायमचं विसरा. “विसरतो,” हे म्हणाले होते, “पण खालापूरची शर्यत झाली की.”

माझे यजमान शरच्चंद्र गुप्ते भिवपुरीच्या वीजकेंद्रात कारकून. ऑफिसात कुणाला उलट शब्द न बोलणारा माणूस. पण सुटी मिळाली की भिसेगावातल्या आमच्या अंगणात लोखंडी नळ्या, जुन्या मोटरसायकलचं इंजिन आणि चार बुटकी चाकं मांडून बसायचा. ह्या प्रकाराला गिअरबॉक्सचं कार्ट म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी त्याला सवत म्हणायचे, आणि नाव कळल्यावरही तेच म्हणत राहिले. गाडीला ना छत, ना दार. बसणाऱ्याचं बूड जमिनीला घासतंय की काय असं वाटावं. उजव्या हाताशी गिअरचा दांडा, आणि तो प्रत्येक वळणाला मागेपुढे ओढायचा. दुखऱ्या हाताला दुसरं काय हवं?

मुंबईचा एक हौशी क्लब दर माघात खालापूरजवळच्या एका बंद कारखान्याच्या आवारात ह्या गाड्यांच्या शर्यती भरवायचा. शनिवारी सराव, रविवारी शर्यत. गाडी घसरली तर माणूस वाचावा म्हणून वळणावळणांवर पेंढ्याचे भारे रचायचे. तो पेंढा अंबूबाईंचा. शेजारच्याच गावात त्यांची भातशेती होती. गुरांची वर्षाची बेगमी त्या दोन दिवस द्यायच्या आणि रविवारी त्यांचा मुलगा गजा ती बैलगाडीतून परत न्यायचा. आमचा मुक्कामही त्यांच्याच ओटीवर. त्र्याऐंशी सालच्या त्या शनिवारी त्यांनी आमच्यासाठी मुद्दाम पोपटी लावली. भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा माझ्यापुढे ओतत म्हणाल्या, “खा गं बाय, उद्या तुज्या घशाखाली घास उतरायचा नाय.” बाईंना माझी नाडी बरोबर ठाऊक होती.

ह्यांना पहिलं यायचं नव्हतंच. क्लबचा नियम असा की ठरलेल्या सगळ्या फेऱ्या स्वतः पुऱ्या करील त्याचंच नाव निकालात ‘पूर्ण’ म्हणून वाचायचं. बाकीचे अपूर्ण. इतकी वर्षं हे अपूर्णच राहिले होते. कधी इंजिन तापलं, कधी चाक निघून स्वतंत्र फिरायला गेलं, एकदा तर म्हैस आडवी आली. “एकदा पूर्ण म्हणू दे गं, मग सोडतो,” एवढंच मागणं होतं. आयुष्यात काही न मागणाऱ्या माणसाला मी नाही कशी म्हणणार?

रविवारी गाड्या रांगेत लागल्या आणि अंबूबाई पदर खोचून, हातात लिंबू घेऊन थेट आमच्या गाडीपाशी आल्या.

“नवं इंजान बसवलंय म्हनं भाऊ. लिंबू ठेवल्याबिगर गाडी सोडायची नाय.”

“ठेवा हो अंबूबाई,” हे हसून म्हणाले. “आज सगळ्यांचा आशीर्वाद हवाय.”

अंबूबाईंनी मागच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. गावात ट्रक असो की टेंपो, पहिल्यांदा निघताना हे व्हायचंच. पण ट्रकखाली लिंबू चिरडतं. ह्या गाडीची साखळी चाकाला लागून, जमिनीपासून जेमतेम बोटभर वर. झेंडा पडला, चाक फिरलं, लिंबू सटकलं ते साखळीत जाऊन बसलं. कडकन आवाज झाला. साखळी उतरली. बाकीच्यांनी पहिलं वळण घेतलं तेव्हा आमची गाडी होती तिथेच होती.

“मेले गं मी! माज्या हातानं वाटोळं केलं,” अंबूबाईंनी कपाळ बडवून घेतलं. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? पण त्यांचं तोंड बघितलं आणि गिळला.

दुसऱ्या कुणी हात लावला तर गाडी बाद. हे गाडी कडेला ढकलून जमिनीवर बसले. अंगठा आणि एका बोटात साखळी धरायची, दात्यावर चढवायची, ती निसटायची, की पुन्हा. मी जवळ उभी होते आणि हात पाठीमागे घट्ट बांधून ठेवले होते. अखेर साखळी बसली. तोवर पुढच्यांच्या निम्म्या फेऱ्या झालेल्या.

पहिला आला, दुसरा आला, सगळे आले. हे अजून फिरतच होते. मुंबईची मंडळी गाड्या टेंपोत चढवायला लागली. गळ्यात शिटी अडकवलेले क्लबचे सेक्रेटरी अंबूबाईंकडे आले.

“मावशी, रेस संपली. पेंढा उचलायला घ्या. पेंढा निघाला की त्यांना थांबवतोच.”

“त्यो मानूस अजून फिरतोय नव्हं?”

“त्यांचं काय, रात्रभर फिरतील. आम्हाला मुंबई गाठायचीय.”

गजाने एक भारा उचलला होता.

“ठेव रं खाली!” अंबूबाई ओरडल्या. मग सेक्रेटरींकडे वळून म्हणाल्या, “पेंढा माजा हाय. ह्यो मानूस येईस्तवर ह्यातली काडी हलायची नाय. तुमाला घाई असंल तर जावा तुमी. ती शिटी आन झेंडा तेवढा ठेवून जावा, आमी बघतो.”

आणि त्या तिथेच, भाऱ्यांच्या मागे मांडी घालून बसल्या. सेक्रेटरींनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे. मग भला माणूस खुर्ची ओढून रेषेपाशी बसला. त्यांचेही उपकार मी विसरणार नाही.

आवारात आता एकच इंजिन वाजत होतं. गिअर पडायला प्रत्येक वेळी थोडा उशीर होत होता. शेवटच्या फेऱ्यांना तर हे गिअर बदलेनासेच झाले. एकाच गिअरमध्ये गाडी रडतकुथत, पण येत राहिली.

झेंडा हलला. कर्णे केव्हाच उतरवलेले होते, म्हणून सेक्रेटरी उभे राहून नुसत्या तोंडाने ओरडले, “शरच्चंद्र गुप्ते, पूर्ण!”

मी रडले. चारचौघांत, पदर न लावता रडले. अंबूबाईंची, सेक्रेटरींची, देवाची, इतकंच काय त्या सवतीचीही मी त्या क्षणी ऋणी होते.

हे उतरून आधी अंबूबाईंकडे गेले.

“भाऊ, माज्यापायी तुमी सर्व्यांच्या मागं...”

“अंबूबाई, तुमच्यामुळे आज अख्खा रस्ता मला एकट्याला मिळाला,” हे म्हणाले आणि त्यांच्या पायांशी वाकले.

“आवं, पाया कसल्या पडता!” त्या दोन पावलं मागे सरल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

गजाने बैलगाडी आणली. हे शिरस्त्राण न काढताच भारा उचलायला गेले. डावा हात दोरीत गेला. उजवा मिटेना. पुन्हा प्रयत्न केला, तरी मिटेना. मी वाकले आणि भाऱ्याची दुसरी बाजू धरली.

“उचल,” हे म्हणाले.