राहीबाईचा काना

भरती-ओहोटी चंद्र सांभाळतो, असं शाळेत शिकवतात. आमच्या उरणच्या खाडीवर ते काम राहीआत्या करायची. बांधातल्या पाणी सोडायच्या लाकडी दाराला आम्ही उघाडी म्हणतो. आत्या ओहोटीला उघाडी वर ओढायची, भरतीला खाली पाडायची. भरती वेळेआधी आलीच तर नुसते डोळे वटारायची. पाणी चार पावलं मागं सरायचं. मी पाहिलंय.

आता तिथं कंटेनर यार्ड आहे. बांध गेला, भातखाचरं गेली, आत्या तर त्याआधीच गेली. नाव तेवढं माझ्या तोंडात उरलं.

गेल्या वर्षी सुचिता नावाची पोरगी आली. पुण्याची; मोबाइलवरचे नकाशे करणाऱ्या एका कंपनीत होती. जुन्या जागांची नावं गोळा करत होती. मी सांगितलं, राहीबाईची उघाडी. तिला वाटलं, म्हाताऱ्याची जीभ वळत नाही. तिनं आपल्या हुशारीनं सुधारून लिहिलं, ‘राहीबाई उघडी’. यंत्राला ते दुकान वाटलं. त्यानं पुढं जोडलं, ‘चोवीस तास’.

जिचा पदर तुफानात डोक्यावरून ढळला नाही, तिची ही दशा! ट्रेलरवाले तो नकाशा एकमेकांना धाडून खिदळायचे. मी तक्रारी करून थकलो. कंपनी ढिम्म.

मग कळलं, दुसऱ्या कंपनीच्या नकाशातही राहीबाई उघडीच, तीही चोवीस तास. सुचिता धावत आली. म्हणाली, चूक आमची होती, ती त्यांनी जशीच्या तशी चोरली, हाच पुरावा. आजोबा, नाव फक्त आम्हालाच सांगितलं असं लिहून द्या. मी म्हटलं, आधी काना घाला. तर म्हणे, दुरुस्त केलं की पुरावा गेला.

दुपारी त्या दुसऱ्या कंपनीचा हमझा आला. म्हसळ्याचा. चाचा, आमालापन तुमीच सांगितलं, एवढं लिहा, म्हणाला. मी म्हटलं, काना. तोही कचरला, आता दुरुस्ती केली तर चोरी कबूल केल्यासारखं होईल.

दोघांच्या भांडणात आत्या मात्र उघडीच.

मी सुचिताला फोन लावला. म्हटलं, ते लोक आज काना घालतायत. मग खरा नकाशा त्यांचा, खोटा तुमचा. हमझालाही हेच सांगितलं, फक्त बाजू फिरवून. दिवेलागणीच्या आत दोन्हीकडं काना पडला. पुरावा गेला, भांडणही विझलं. सुचिता अजून माझ्याशी बोलत नाही.

हमझा मात्र चहाला येतो. एकदा यार्डाच्या कुंपणापाशी त्यानं विचारलं, “चाचा, ही बाई खरंच होती?”

मी त्याला डोळे वटारल्याची गोष्ट सांगितली. त्यानं गंभीरपणे मान हलवली. “आमची नानीपन तशीच. वाऱ्याला शिव्या घालायची, वारा पडायचा.”

मग मी एकावर एक रचलेल्या कंटेनरांकडं बोट केलं. म्हटलं, “हितं गुडघाभर चिखलात आमी निवट्या मासे धरायचो. तो निळा डबा हाय ना, तिथवर पानी यायचं.”

तो डब्यांकडं बघत राहिला, मग माझ्याकडं, आणि हसला.

“चाचा,” म्हणाला, “आता तुमी फेकताय.”